धुतलेला ओढा

माझ्या नणंदबाई साबण वापरण्याआधी साबण धुतात. चेष्टा नाही, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात आणि मी ज्या शाळेत विज्ञान शिकवते तिथल्या मुख्याध्यापिका आहेत. म्हणजे घरी ताई, शाळेत मोठ्या बाई, आणि दोन्हीकडे मी धाकटी. लोकांना वाटतं, नणंदेची शाळा, हिची काय चंगळ असेल. त्यांनी एकदा माझ्या जागी उभं राहून पाहावं. इतर कुणाचा फळा पुसायचा राहिला तर मोठ्या बाई नुसतं बघतात. माझा राहिला तर रात्री जेवताना विषय निघतो.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावतं. जिथली वस्तू तिथे. कात्री खिळ्याला, किल्ल्या वाटीत, डस्टर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात. माझा नवरा म्हणे लहानपणी जिथे ठेवला तिथेच बसून राहायचा. अजूनही आम्हा दोघींचं बिनसलं की तो तसाच बसतो, ताटात डोकं घालून.

या खेपेला बिनसलं ते ओढ्यावरून.

शाळेच्या मागे एक ओढा वाहतो. फार मोठा नाही. सातवीतली पोरं धावत येऊन तो उडीत पार करायला बघतात आणि बहुतेक वेळा मधोमध पडतात. पाणी घोट्याएवढं, तळाशी शेवाळलेले दगड, काठाला कुजलेल्या पानांचा थर. दर गुरुवारी शेवटचे दोन तास मी सातवीचा वर्ग तिथे नेते. पाण्यात उतरायचं, एक दगड हलकेच उचलायचा, उलटा करायचा आणि त्याच्या पोटाकडे बघायचं. तिथे जे चिकटलेलं असेल ते मऊ कुंचल्याने पांढऱ्या ताटलीत घ्यायचं, भिंगातून बघायचं, ओळखायचं, आणि परत सोडून दगड होता तसा ठेवायचा. कोणत्या पाण्यात कोण राहतं यावरून पाण्याची तब्येत कळते. हे पुस्तकातही दिलेलं आहे, पण पुस्तकातलं वाचून कुणी किंचाळत नाही. ताटलीत काही वळवळलं की माझा अख्खा वर्ग किंचाळतो आणि मग ते जन्मात विसरत नाही.

मुलांनी सगळ्यांना आपली नावं दिली आहेत. तीन शेपट्यांचा तो तीनशेपट्या. एक चपटा आहे, तो पाहुणा, कारण दिसला की लगेच निघतो. आणि सगळ्यांचा लाडका गवंडी. ही एक अळी. नखाएवढीही नाही, पण वाळूचे कण एकमेकांना चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते आणि त्यातून डोकं बाहेर काढून हिंडते. मोठी झाली की पंख फुटतात आणि पाण्यातून वर येऊन उडून जाते. घाण पाण्यात गवंडी राहत नाही. आमच्या ओढ्यात तो आहे, याचा मला इतका अभिमान वाटतो की जणू मीच त्याचं अंडं घातलं.

मोठ्या बाईंना मात्र त्या ओढ्यात फक्त चिखल दिसायचा. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. एक आई मुलाचे मोजे पिशवीत घालून थेट त्यांच्या टेबलावर ठेवून गेली होती, आणि त्या टेबलावर आजवर पेनसुद्धा तिरकं पडलेलं कुणी पाहिलं नाही. त्यात संस्थेच्या मंडळींच्या डोक्यात आलं की ओढ्यावर स्लॅब टाकावा, वर गाड्या लावायला जागा होईल. निर्णय त्यांनी मोठ्या बाईंवर सोपवला. ताईंनी जेवताना हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याने ताटातला भात एक एक दाणा करून संपवला.

पण ताई न्यायाला पक्क्या. त्या म्हणाल्या की शिक्षण खात्याचे साहेब पुढच्या गुरुवारी येणारच आहेत, त्यांना तुझा ओढ्यावरचा तास दाखवू. तू म्हणतेस ते सगळं ताटल्यांत दिसलं आणि साहेबांना तो अभ्यास वाटला, तर स्लॅब नाही. नाही दिसलं तर स्लॅब पडेल, आणि मग तू त्यावर एक शब्द बोलायचा नाही. मी लगेच कबूल झाले. गवंडी माझ्या बाजूने असताना मला कसली भीती?

आदल्या दिवशी मी शाळेत नव्हते. आमची भिंगं घासून आंधळी झाली होती, म्हणून दुसऱ्या शाळेतून चांगली मागून आणायला गेले होते. संध्याकाळी घरी आले तर ताई चक्क गुणगुणत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "तुझी सातवी गुणी आहे हो. मला वाटलं नव्हतं." कशाबद्दल म्हणून विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, उद्या बघशील. त्यांच्या तोंडून माझ्या वर्गाचं कौतुक म्हणजे नवलच. मी त्या खुशीत शांत झोपले.

सकाळी भिंगांची पिशवी घेऊन थेट ओढ्यावर गेले आणि क्षणभर वाटलं, आपण रस्ता चुकलो.

ओढ्यातले दगड लख्ख घासलेले होते. शेवाळाचा ठिपका नाही. नुसते घासलेले नाहीत, तर लहानमोठे बघून दोन ओळींत मांडलेले, बागेतल्या वाफ्याला करतात तसे. काठावरची कुजकी पानं गायब. झाडून घेतलेल्या मातीवर खराट्याच्या रेघा. आणि मधून पाणी वाहत होतं, न्हाणीघरातून मोरीकडे जातं तसं. माझा सातवीचा अख्खा वर्ग काठावर ओळीत उभा होता आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर मला बक्षीस देत असल्याचा भाव होता.

आमच्या वर्गाची मॉनिटर पुढे आली. तिला सगळे पुढारीण म्हणतात आणि तीही त्या नावाला ओ देते. तिने सांगितलं की मोठ्या बाईंनी काल सकाळच्या रांगेत सूचना दिली, पाहुणे येणार आहेत, ज्याने त्याने आपापला वर्ग धुऊन काढायचा. मग सातवीने विचार केला.

"तुम्हीच म्हणता ना बाई, हा आपला खरा वर्ग," पुढारीण म्हणाली. "आणि साबण अजिबात नाही वापरला. साबण पाण्यात जाऊ द्यायचा नाही, हे लक्षात होतं आमच्या."

ओरडायचं तर कुणावर? वाक्य माझंच होतं. वर्षभर दर गुरुवारी छाती फुगवून म्हटलेलं. आणि साबणाचंही त्यांनी ऐकलं होतं. मी शिकवलेल्या दोन गोष्टी त्यांनी अगदी मन लावून केल्या होत्या, आणि त्या दोन्हींमध्ये माझा ओढा धुऊन निघाला होता. मी म्हटलं, छान दिसतंय हो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

पुढारीण हुशार आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ओळीतल्या एका दगडाकडे पाहिलं, आणि खाली बसून तो उलटा केला. खालून तो वरच्यासारखाच लख्ख होता. तिने दुसरा केला. मग तिचे कान लाल झाले.

साहेब यायला अजून थोडा अवकाश होता. ओढा जिथून येतो तिथे, आमच्या भिंतीपलीकडे, तो होता तसाच होता. मी कोपऱ्यातली बादली उचलली. पलीकडून चार दगड उचलून आणले, गवंडी आणि तीनशेपट्या इकडच्या दगडांखाली सोडले, तर कुणाला काय कळणार होतं? मी असं करणार नाही असं मला वाटत असे. पण स्लॅब डोळ्यांसमोर आला की माणूस बादली उचलतो.

"बाई," पुढारीण मागून हळूच म्हणाली, "पण मग ते इथले नसतील."

मी बादली आपटली. तिला म्हटलं, तुला कुणी विचारलंय का, जा, ताटल्या मांड. ती गेली, पण जाताना तिने बादली उचलून जागेवर ठेवली. माझ्या नणंदेची शिकवण शाळेत कुठवर पोचली आहे ते तेव्हा कळलं.

साहेब आले ते सर्दीने बेजार होऊन. नाकाला रुमाल, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर घरी जायची स्पष्ट इच्छा. मोठ्या बाईंनी त्यांना आधी सगळे वर्ग दाखवले आणि शेवटी आमच्याकडे आणलं. ओढा दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला त्यांची कीव आली. पहिल्यांदाच त्यांना तो आवडला होता.

मुलं पाण्यात उतरली. दगड उचलले, उलटे केले, कुंचले फिरवले. ताटल्यांत पाणी होतं, आणि पाण्यात काही नव्हतं. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदा तसंच. एरवी कावळ्यांच्या शाळेसारखा असणारा माझा वर्ग इतका गप्प झाला की साहेबांचं नाक ओढलेलं ऐकू यायला लागलं. एका मुलाचा ओठ थरथरत होता. त्याने मला कुजबुजत विचारलं की आपण त्यांना मारलं का.

साहेबांनी एका ताटलीत डोकावून पाहिलं. पाणी छान स्वच्छ आहे म्हणाले. मग म्हणाले, "पण यात अभ्यास कशाचा करता?"

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. पैज त्या जिंकल्या होत्या. एक शब्द बोलायचा नाही, असं ठरलं होतं आणि मी कबूल झाले होते. मी मूग गिळून उभी राहिले. आयुष्यात इतकं अवघड काही केल्याचं मला आठवत नाही.

पण पुढारिणीने कसलीच कबुली दिलेली नव्हती. ती पाण्यात तशीच उभी राहून म्हणाली, "साहेब, परवापर्यंत होते. काल आम्हीच घासून काढले." आणि मग तिने सगळं सांगितलं. गवंडी, तीनशेपट्या, पाहुणा, दगडाचं पोट, खरा वर्ग, खराटा, शाबासकी. काही लपवलं नाही आणि कुणावर ढकललं नाही. सांगता सांगता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी ती वाक्य पूर्ण करत होती.

मोठ्या बाईंचा चेहरा उतरत गेला. काल सगळ्या शाळेसमोर त्यांनी त्या वर्गासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मला वाटलं, आता त्या विषय बदलतील, साहेबांना चहाला नेतील. पण त्या माझ्या नणंदबाई होत्या. एखादी वस्तू जागची हलवली असं कळलं की ती ठेवली कुठे, हे विचारल्याशिवाय त्यांना राहवतच नाही.

"जे घासून काढलं," त्या म्हणाल्या, "ते टाकलंत कुठे?"

सगळा वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. मग जो तो धावत सुटला.

काढलेला सगळा गाळ, पानं आणि शेवाळं फाटकाजवळ ढिगाने पडलं होतं. संध्याकाळी कचऱ्याची गाडी ते नेणार होती. ढीग वरून वाळून कडक झाला होता. ज्याचा ओठ थरथरत होता त्या मुलाने कोपरापर्यंत हात घातला आणि आतला ओला गोळा बाहेर काढून ताटलीतल्या पाण्यात सोडला. आम्ही सगळे त्या एका ताटलीवर वाकलो. आधी नुसता गढूळपणा. मग एक पान हललं. मग त्या पानाखालून तीन शेपट्या बाहेर आल्या.

माझा वर्ग किंचाळला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला कळलं, कारण मीही किंचाळले.

पुढे कुणी कुणाला सूचना दिल्या नाहीत. मुलं ढिगात हात घालत होती, गोळे काढत होती, ताटल्या भरत होती. साहेबांनी रुमाल खिशात घातला, बाह्या वर केल्या आणि एका मुलीला विचारलं की यातला पाहुणा कोणता. तिने दाखवेपर्यंत तो निघून गेला होता, आणि साहेब इतके खळखळून हसले की त्यांना खोकला आला. सगळेच वाचले नव्हते. वरच्या वाळलेल्या थरात काही निपचित पडले होते, आणि ते पाहून मुलं मध्येच गप्प होत होती, मग अजून घाईने उकरत होती.

मोठ्या बाई मात्र ढिगापासून हातभर दूर, हात मागे बांधून उभ्या होत्या. पुढारीण त्यांच्याकडे गेली. तिने विचारलंसुद्धा नाही. त्यांचा हात पुढे ओढला आणि तळव्यावर चिखलासकट एक गवंडी ठेवला. साबण धुणाऱ्या बाईंच्या तळव्यावर चिखल होता.

त्यांनी हात झटकला नाही. दुसऱ्या हाताने माझ्याकडचं भिंग घेतलं आणि बघत राहिल्या. बराच वेळ. मग विचारलं की हे घर याने स्वतः केलं का. पुढारिणीने सांगितलं, हो, एकेक कण निवडून. मोठा एकीकडे, बारीक एकीकडे, मध्ये फट राहू देत नाही.

"कुठे एक खडा वाकडा नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. तो त्यांचा कौतुकाचा सूर होता. मी घरात इतकी वर्षं राहूनही तो माझ्या वाट्याला आलेला नाही.

मग त्यांनी मान वर केली आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बादल्या आणा, कचऱ्याची गाडी आली तर फाटकाबाहेर थांबवा, आणि हे सगळं परत ओढ्यात न्या. जिथली वस्तू तिथे. ओळीत मांडलेले दगड मुलांनी पुन्हा विस्कटले, आणि विस्कटायलाही मोठ्या बाई उभ्या राहून सांगत होत्या, असा नको, आडवा ठेव, अजून थोडा तिरका. रुमालाची झोळी करून त्यांनी स्वतः दोन खेपा गाळ नेला. आठवीने खिडकीतून हे पाहिलं आणि त्यांचा गणिताचा तास बुडाला.

साहेब जाताना म्हणाले की निर्णय तुमच्या मोठ्या बाईंचा आहे, मी काही सांगणार नाही, पण हे दगड पुन्हा भरायला किती दिवस लागतात ते मला कळवा. मुलांनी त्यांना सांगितलं, तुम्हीच या बघायला. ते येतो म्हणाले आणि शिंकले.

स्लॅबचं कुणीच काही बोललं नाही. ताटल्या ऐन वेळेला रिकाम्या निघाल्या होत्या, हे खरंच होतं. ढिगातलं धरायचं की नाही, यावर आमची काही बोली झालेली नव्हती. घरी आल्यावर ताई वर गेल्या आणि नळाचा आवाज सुरू झाला, तो थांबेचना. नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मला एक शब्द बोलायचा नाहीये. त्याने लगेच ताटं घेतली, कारण ताटात डोकं घालायची वेळ आली असं त्याला वाटलं असावं.

तेवढ्यात वरून हाक आली. आम्ही दोघं धावलो. ताई बेसिनपाशी उभ्या होत्या, ओला रुमाल दोन बोटांत धरून. रुमालाच्या घडीत, चिखलाच्या ठिपक्यावर, गवंडी बसला होता. डोकं बाहेर काढून इकडेतिकडे बघत होता. त्यांनी तो एका वाटीत सोडला. किल्ल्यांच्या वाटीत. किल्ल्या जमिनीवर पडल्या होत्या.

"गाडी काढ," त्या भावाला म्हणाल्या. तो म्हणाला, ताई, सकाळी नेऊ की, कुठे पळून जातोय तो. त्यांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो गाडीची किल्ली शोधायला जमिनीवर बसला.

स्कूटरवर आम्ही तिघं. तो पुढे, मध्ये ताई दोन्ही हातांत वाटी धरून, मागे मी ताईंना धरून. खड्डा आला की ताई म्हणत, हळू, पाणी हिंदकळतंय. ओढ्यावर पोचलो तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. ताईंनी चपला काढून काठावर नीट जोडून ठेवल्या आणि पाण्यात उतरल्या. मुलांना बघून बघून त्यांना सगळं आलं होतं. दगड हलकेच उचलला, उलटा केला, वाटी त्याच्या पोटाशी तिरकी केली आणि थांबल्या. गवंडी घर ओढत दगडाला लागला तसा त्यांनी तो दगड होता तसा परत ठेवला. मग तिथेच उभ्या राहिल्या, वर आभाळाकडे बघत.

"याला पंख फुटतात म्हणाली ना ती मुलगी?"

मी म्हटलं, हो.

"मग वर उघडं लागेल त्याला. स्लॅबला आपटेल नाहीतर." त्या काठावर आल्या आणि पाय पुसायला रुमाल शोधायला लागल्या. "गाड्या रस्त्याच्या कडेला लावा म्हणावं. गाड्यांची जागा रस्त्यावर असते."

मी तिथेच त्यांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, अगं, माझे हात बघ किती घाण आहेत. पण हात मागे घेतले नाहीत. नवरा स्कूटरपाशी उभा होता, जिथे आम्ही त्याला ठेवलं होतं तिथेच.